म्हशीचे कान

पुढची चाकं फिरली नाहीत.

गाडी चार जाड ठोकळ्यांवर चढवलेली होती. चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर. आत्या स्टेअरिंगवर होती. तिनं क्लच दाबला, गिअर टाकला, पुढच्या चाकांना ताकद देणारा लाल मुठीचा धाकटा दांडा पुढं रेटला आणि क्लच हलकेच सोडला. मागची चाकं डौलात फिरू लागली. पुढची दोन्ही मात्र मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखी जागची हलायला तयार नव्हती.

"पुन्हा टाक, आत्या!" गाडीशेजारी फरशीला गाल लावून पडलेला धाकटा भाचा ओरडला.

"टाकलाय. दांडा आत बसलाय. हाताला कळतं मला."

"शाफ्ट फिरतोय! पुढचा शाफ्ट गरागरा फिरतोय!" तो गुडघ्यावर उठला. गालावर फरशीची धूळ आणि डोळ्यांत दिवाणखान्यातलं झुंबर पेटावं तसा उजेड. "म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत आहे, कळलं का? सगळे मेकॅनिक म्हणायचे गिअरबॉक्स गेलाय. ताकद पुढच्या एक्सलपर्यंत येतेय!"

"आणि चाकापर्यंत?"

त्यानं चाकाकडं पाहिलं. झुंबर विझलं.

"काय झालं?" शेडच्या दारातून थोरल्यानं विचारलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. विमा कंपनीत मोडक्या गाड्या तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. धडधाकट गाडीकडंही तो उद्याची मोडकी म्हणूनच पाहायचा.

"काही नाही झालं," धाकटा म्हणाला.

"तेच विचारतोय. काहीच नाही ना झालं?"

आत्यानं इंजिन बंद केलं. शेडमध्ये शांतता पसरली. एरवी इथं धाकट्याच्या फाटकांची आणि खिडक्यांच्या जाळ्यांची ठाकठूक चाले. गेला हिवाळाभर मात्र फाटकं मागं पडली होती आणि मध्यभागी ही बसली होती, रंगानं आणि स्वभावानंही म्हैस. हे नाव अण्णांनी, आत्याच्या वडिलांनी ठेवलेलं. अण्णा विहिरी खणणाऱ्यांच्या टोळ्या वाळवंटात घेऊन जायचे, त्या वेळची ही गाडी. हिवाळाभर आत्या आणि धाकट्यानं मिळून तिचं इंजिन खोललं, रेडिएटरची भोकं बुजवली, मागच्या स्प्रिंगचा मोडका पाटा बदलला, कुजलेल्या वायरी उपटून नव्या ओढल्या. ती पहिल्यांदा सुरू झाली त्या सकाळी दोघंही शेडमध्ये असे नाचले होते की शेजारच्यांनी भांडण समजून डोकावून पाहिलं.

पण घरात ठराव वेगळा झाला होता. दर आठवड्याला या गाडीवरून जेवणं गार होऊ लागली, तेव्हा थोरल्यानं तोड काढली होती. सुट्टीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, म्हैस चुनाभट्टीमागचं वाळूचं टेकाड चढली तर ती आत्याची. आत्यानं तिला कुठंही न्यावं, अगदी वाळवंटातल्या अण्णांच्या पांढऱ्या मिठाच्या तळ्यापर्यंत. नाही चढली तर हॉटेलवाल्याची. हॉटेलवाल्याला ती बागेत ठेवायची होती. बॉनेट कापून आत फुलझाडांच्या कुंड्या.

आज सुट्टी होती. ऊन कलायला लागलं होतं.

"मग मी त्याला फोन करतो," थोरला म्हणाला.

"सूर्य मावळला का?" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती औषधांच्या दुकानात बसायची. गिऱ्हाइकाला गोळी देताना जसा चढत नाही तसाच आवाज घरातही चढू द्यायची नाही.

"तू आमच्या बाजूची ना?" थोरला चमकला.

"आहेच. पण बोलाचालीत संध्याकाळ ठरली होती. तुम्ही दुपारीच दिवेलागण करताय."

"अगं, गाडी मोडकी आहे. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं चाललंय यांचं! वाळवंटात ही बंद पडली तर? आत्या साठीला आली. आई बरोबर जायचं म्हणाली तर? मी रोज असले कागद बघतो. कुणीतरी शहाणं असायला हवं ना या घरात?"

आत्याला त्याचा राग येत नव्हता. लहानपणी जत्रेतल्या पाळण्याची कडी पक्की आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तो त्यात बसायचा नाही.

"ती त्या वर्षीच मोडली."

हे वहिनी, दोघा भावांची आई, बोलल्या. पुढच्या चाकाशेजारी बुटक्या स्टुलावर बसून त्या चाकाचं पितळी झाकण घासत होत्या. मान वर न करता. "जाईल तिथं चकचकीत जाऊ दे," एवढंच म्हणून त्या दुपारपासून घासत होत्या. ही दोन झाकणं त्यांच्या नवऱ्यानं, आत्याच्या भावानं, पितळी डब्यांच्या झाकणांतून घडवलेली. काठावर वेलबुट्टी, मधोमध एक फूल. स्क्रू मारून त्यांची डोकी त्यानं घासून सपाट केली होती, म्हणजे चोराला काढता येऊ नयेत. धाकट्यानं गाडीचा सांधा न् सांधा खोलला, पण या झाकणांना हात लावला नव्हता. चाक हातानं फिरतंय, आवाज नाही, मग कशाला आईचा जीव दुखवा?

"त्या वर्षीच मोडली" हे वाक्य या घरात नेहमी अर्धंच बोललं जायचं. उरलेलं अर्धं आत्याला पाठ होतं. वन्संनी मोडली.

अण्णा गेले ते अचानक, बोलता बोलता. भावाचं लग्न ठरलेलंच होतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात खुर्च्या आणायला आत्या म्हैस घेऊन गेली आणि जवळची वाट म्हणून कोरड्या नदीच्या गोट्यांतून आली. गाडी आदळली, आपटली. ती तेव्हा विशीतली होती, तिला मजा वाटली. लग्नानंतर भाऊ नव्या नवरीला पांढरं तळं दाखवायला निघाला. पहिल्याच टेकाडावर मागची चाकं रुतली, पुढच्यांनी ओढलंच नाही. नवी नवरी नव्या चपलांनी उन्हातून चालत परत आली. भाऊ दारात उभा राहून बहिणीला म्हणाला, "एक्सल मोडलास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस." ती नाही म्हणू शकली नाही. गोटे तिला आठवत होते.

पुढं तिनं आयुष्यभर दवाखान्याची रुग्णवाहिका चालवली. हिच्याइतकं जपून चालवणारं कुणी नाही, असं लोक म्हणत. भाऊ गेला तेव्हाही त्याला तिनंच नेलं होतं, एकही खड्डा लागू न देता. बोलणं मात्र राहूनच गेलं.

"पुढचा एक्सल खोलून बघू?" धाकटा म्हणाला.

"आज?"

"आज नाही जमायचं." त्यानं पाना फरशीवर टाकला. मग, मुळात दुःख फार वेळ धरून ठेवणारा नसल्यानं, तो एकदम हसला. "बरं! निदान हॉटेलापर्यंत तरी वाजतगाजत जाऊ. म्हशीची पाठवणी! चला, कान पुढं करा सगळ्यांनी!"

प्रवासाला निघताना एकमेकांचे कान पिळायची या घराची रीत होती. परीक्षेला निघालेल्या मुलाचे, सासरी निघालेल्या मुलीचे, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याचे, सगळ्यांचे कान. पाहुणे चकित व्हायचे, नव्या सुना आधी रडायच्या आणि मग त्याच सगळ्यांत जोरात पिळायला लागायच्या. ही रीत अण्णांची. 'आधी कान पिळा, मग वाळू,' असं ते म्हणायचे.

धाकट्यानं आत्याचा कान धरला आणि कळ येईपर्यंत पिळला.

"मेल्या! जीव घेशील!"

"थांबा, हलू नका," थोरली सून पुढं आली. तिच्या पर्समध्ये कायम कापूस असायचा. "कानाला ग्रीस लागलंय. किती काळं ते! यांचे हात बघा."

ती पुसू लागली. आत्या अचानक म्हणाली, "पुसू नकोस."

"अहो, केसांना लागेल."

"थांब. पुसू नकोस."

तिनं कानाला हात लावला, बोटं नाकाशी नेली. जुनं, जड, थोडं गोडसर वास येणारं ग्रीस. आईची आठवण झाली. वाळवंटातून परतल्यावर आई तिचे कान घासायची आणि अण्णांवर करवादायची, 'लेकीचे कान काय चाक आहे का!'

"तुझ्या बाबांनी कान पिळला की ग्रीस लागायचं का रे?"

धाकट्यानं आठवून पाहिलं. "बाबांचे हात? छे. साबणाचा वास यायचा त्यांच्या हाताला."

"अण्णांच्या हाताला लागायचं. दर वेळी." आत्या गाडीतून खाली उतरली. "दर वेळी! पण का? पक्क्या रस्त्यानं यायचो आम्ही. स्टेअरिंगवर पांढरा रुमाल टाकून चालवायचे ते. वाळूच्या तोंडाशी गाडी थांबवायची, उतरायचं. मग..."

ती चालू लागली. अण्णांसारखी, कमरेवर हात ठेवून. उजव्या चाकाशी गेली, वाकली, उठली. पुढून वळसा घालून डाव्या चाकाशी गेली, वाकली, उठली. मग मागं आली आणि समोर उभ्या असलेल्या थोरल्याचा कान धरला.

"आत्या, आता मी काय केलं!"

"आम्हाला वाटायचं हवा बघतायत. अरे, हवा बघताना कुणाच्या हाताला ग्रीस लागतं का? 'आधी कान पिळा, मग वाळू.' ते आम्हाला नव्हते सांगत. आमचे कान आपले हाताला लागले म्हणून, गंमत म्हणून! दुसरेच कुठलेतरी कान होते!"

"कुणाचे?" थोरल्यानं कान सोडवत विचारलं.

सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी खाली गेल्या. पितळी झाकणावर वहिनींचा हात थांबला होता.

"वहिनी, याच्याखाली काय आहे?"

"एक्सलचं टोक असणार," धाकटा म्हणाला. "दुसरं काय..." आणि त्याचा आवाज वाटेतच विरला.

"चकती आहे," वहिनी सावकाश म्हणाल्या. "लोखंडी. रंगानं बुजलेली. लग्नाआधी घर बघायला आले होते मी, तेव्हा हे झाकण बसवत होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, इथनंच वाळू आत जाते, बंद करून टाकतो. तुम्ही बसणार ना आता गाडीत."

धाकट्यानं वाकून झाकणाच्या सपाट स्क्रूंवरून नख फिरवलं.

"आई," धाकटा अगदी हळू म्हणाला, "झाकण काढायचं तर छिन्नी मारावी लागेल. फुटेल ते. आणि खाली काही नसलं तर..."

"नसलं तर वन्संनी मोडली."

"आणि असलं तर?" थोरल्या सुनेनं विचारलं.

आपण इतकी वर्षं घासलेल्या त्या फुलावरून वहिनींनी अंगठा फिरवला. मग हात पुढं केला.

"छिन्नी दे."

"तू? अगं, मी काढतो ना!"

"नवऱ्यानं माझ्यासाठी बसवलंय. मीच काढणार. तू नुसतं सांग, कुठं मारू."

पहिला घाव घसरला. दुसऱ्यानं काठ वर आला. मग त्यांनी पदर खोचला आणि अशा काही त्वेषानं हातोडा हाणला की थोरला दोन पावलं मागं सरला. झाकण सुटलं आणि थाळी पडल्यासारखं वाजत शेडभर गडगडत गेलं.

आत वाळलेलं काळं ग्रीस होतं. थोरल्या सुनेनं कापसाचा अख्खा बोळा त्यात फिरवला. खालून चकती दिसली आणि तिच्यावर दोन उंचवटे, समोरासमोर, चिमटीत धरता येतील असे.

"कान," आत्या म्हणाली. "म्हशीचे कान!"

"फिरतंय का बघ! फिरतंय का!" हे ओरडणारा थोरला होता. इस्त्रीच्या शर्टासकट तो फरशीवर बसला होता. "तेल टाक आधी! असं कोरडं नको फिरवू, मोडेल! अरे, तेल कुठंय या शेडमध्ये?"

तेल टाकलं. धाकट्यानं जोर लावला, चकती हलली नाही. थोरल्यानं लावला, नाही हलली. दोघांनी मिळून फडकं गुंडाळून पक्कड लावली आणि 'एक, दोन' म्हणायच्या आतच ती चकती ठक्कन फिरली आणि दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर पडले.

"आता चाक हातानं फिरव," पडल्या पडल्याच धाकटा म्हणाला.

आत्यानं फिरवलं. मघापर्यंत पोरासोरालाही सहज फिरेल असं ते चाक आता जड झालं होतं. आत कुणीतरी जागं होऊन त्याचा हात धरल्यासारखं. गाडीखाली पुढचा शाफ्टही त्याच्याबरोबर फिरला.

"चाक एक्सलला जोडलं गेलं," धाकटा कुजबुजला. मग ओरडला. मग नुसताच ओरडत राहिला. "मोडलं नव्हतंच! काहीच मोडलं नव्हतं! कान पिळलेच नव्हते कुणी! इतकी वर्षं आपण आपलेच कान पिळत बसलो!"

दुसऱ्या चाकाचं झाकणही वहिनींनीच फोडलं. या वेळी एका घावात.

ठोकळे काढेपर्यंत ऊन पिवळं पडलं होतं. आत्यानं म्हैस शेडबाहेर काढली तेव्हा धाकटा टपावरच्या जाळीत, थोरली सून पुढच्या बाकावर आणि वहिनी मागं, फुटकी झाकणं मांडीवर घेऊन. थोरला फाटकाशी उभा.

"मी माझ्या गाडीनं मागून येतो," तो म्हणाला. मग म्हशीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि दार उघडून मागं चढला. "कुणीतरी शहाणं हवं गाडीत."

त्याच्या बायकोनं मागं वळून त्याचा दुसरा कान धरला आणि पिळला. "बळी तो कान पिळी," ती त्याच शांत आवाजात म्हणाली. टपावरून धाकट्याचं खदाखदा हसू ऐकू आलं.

चुनाभट्टीमागं पक्की जमीन संपत होती. पुढं टेकाड, वाऱ्यानं नुकतंच नांगरल्यासारखं. आत्यानं गाडी थांबवली. धाकट्यानं टायरमधली हवा कमी केली. चाकं उंटाच्या तळपायासारखी पसरली. वहिनी खाली उतरल्या.

"मी इथं थांबते."

"आई, चल ना!"

"मागच्या खेपेला इथूनच चालत आले होते मी. जा तुम्ही. मी बघते."

आत्यानं काही आग्रह केला नाही. तिनं लाल दांडा पुढं ढकलला. आणि म्हैस निघाली.

सुरुवातीला काहीच वेगळं वाटलं नाही. मग चढ लागला, मागची चाकं भसकन खाली गेली, वाळू उडाली. थोरला ओरडला, "रुतली! सोड, सोड, पाय काढ!" आत्यानं पाय काढला नाही. दाबलाही नाही. रुग्णवाहिकेत मागं कुणी निजलेलं असताना ठेवायची तसा तिनं पाय एकाच जागी ठेवला. आणि तिच्या तळहातांना कळलं. स्टेअरिंग पुढं ओढलं जात होतं. पुढची चाकं वाळूत बोटं रोवून वर चढत होती, एकेक मूठ, एकेक मूठ. इंजिन हंबरलं. थोरल्या सुनेनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला, "चल गं बाई, चल, चल!" थोरला मागून पुढच्या सीटला ढकलत होता, जणू तेवढ्यानं गाडी वर जाणार होती.

नाक वर गेलं. काचेत नुसतं आभाळ. आणि मग नाक खाली आलं.

टेकाडापलीकडं वाळूच्या लाटांमागून लाटा, आणि त्यांच्या शेवटाला, उन्हात तव्यासारखं तापलेलं पांढरं तळं. धाकटा टपावर उभा राहून शर्ट फिरवत होता. थोरल्यानं फोन कानाला लावला होता. "नाही हो, म्हैस नाही मिळायची," तो कुणाला तरी सांगत होता. "कुंड्यांसाठी दुसरं काही बघा. अहो, ती चालते! मी आत बसलोय!"

आत्यानं तळ्याकडं फार वेळ पाहिलं नाही. आरशात पाहिलं. खाली, जमीन संपते तिथं, वहिनी एकट्या उभ्या होत्या.

"उतरा सगळे," ती म्हणाली. "सूर्यास्त बघा इथं. मी आलेच."

रिकामी म्हैस घेऊन ती खाली आली. वहिनी तिच्याकडं आल्या नाहीत. आधी उजव्या चाकाशी गेल्या, वाकल्या, चकतीचे कान चाचपून पाहिले. वळसा घालून डाव्या चाकाशी. मग आत्याच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. बोटं काळी झाली होती. इतक्या वर्षांत या दोघींनी एकमेकींना चहा विचारला होता, औषध विचारलं होतं, दुसरं काही विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी निघताना त्यांनी माझा कान पिळला होता, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या. "गाडीचा राहिला."

आणि त्यांनी डोकं खिडकीतून आत घातलं, मान वाकडी केली आणि कान पुढं केला.

आत्यानं पिळला. चांगला कळ येईपर्यंत. ग्रीसचा डाग पडला. दोघींपैकी कुणीच तो पुसला नाही.

"आता वाळू," वहिनी म्हणाल्या आणि वळसा घालून पुढच्या बाकावर येऊन बसल्या.